बाद केलेले सात

५ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र शुक्रवारी मिळालं आणि उत्तर आज मंगळवारी लिहिते आहे. कामाचा डोंगर होता हे नेहमीचं कारण देऊन टाकते, तू नेहमीसारखं मानून घे. मी बरी आहे. सर्दी आहे, पण ती आता घरच्यासारखीच झाली आहे. तोंडावर फडकं बांधून उंदरांच्या खोलीत शिंकते आणि उंदीर माझ्याकडे बघतात, दुसरं काही विशेष नाही.

पिंजरे धुणाऱ्या मावशींचा गुडघा पुन्हा धरला आहे. त्या बसून बाटल्या धुतात आणि बसल्या जागेवरून सगळ्या प्रयोगशाळेला हुकूम सोडतात. सरांनी खोलीला नवे पडदे लावले, उंदरांना उजेड जास्त होतो म्हणून. माझ्या घरच्या खिडकीला गेली दोन वर्षं चादर लावलेली आहे, तिथे कोणी काही लावत नाही.

बरं, तुझ्या पत्राबद्दल. तू लिहिलंस की परवा मशीनवर बसल्या बसल्या थांबलीस. हात कापडावर, पाय पायडलवर, आणि शेजारच्या मुलीने येऊन खांदा हलवला तेव्हा चहावर साय धरली होती. 'म्हातारपणाची पहिली डुलकी' असं तू लिहिलंस. मलाही हसू आलं. मग मी पत्र पुन्हा वाचलं.

मला जरा सविस्तर कळव. डोळे उघडे होते की मिटलेले? डुलकी लागली की माणूस पुढे झुकतो, मान पडते. तू झुकली होतीस की ताठ होतीस? शेजारच्या मुलीला विचार, तिने नीट बघितलं असेल. असं आधी कधी झालंय का? नळाशी, जिन्यात, केस विंचरताना? आणि एक वेडगळ गोष्ट विचारते. त्या वेळी कोणी तुझा हात उचलून वर धरला आणि सोडला, तर तो खाली येतो की तिथेच राहतो? माझ्या धंद्यातले प्रश्न आहेत, सवय झाली आहे, मनावर घेऊ नकोस.

त्या नव्या गोळ्या सकाळी एक, संध्याकाळी एक अशाच चालू आहेत ना? नऊ आठवडे झाले, बरोबर? मी बोटांवर मोजले. रुग्णालयात दर पंधरा दिवसांनी रक्त घेतात ते काय म्हणतात? सगळं ठीक म्हणत असतील. म्हणतीलच.

घाबरण्यासारखं काही नाही. भावोजी गेल्यापासून तू चार वर्षं घराबाहेर पडली नव्हतीस, फोनची घंटा वाजली तरी तुझ्या छातीत धस्स व्हायचं म्हणून तो काढून टाकलास, आणि आता तू लिहितेस की कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकटी गेलीस. याचा मला किती आनंद झाला हे तुला सांगता येत नाही. रुग्णालयातल्या त्या औषधाच्या चाचणीत तुझं नाव मीच दिलं होतं. मीच म्हटलं होतं, हे औषध आमच्याकडेच तपासलं गेलंय, डोळे झाकून घे.

फोन काढून टाकलास ते मात्र आज फार जाणवतं. उत्तर लगेच पाठव. शिलाई मागे राहिली तर राहू दे.

तुझी,
धाकटी

ता. क. शेजारच्या मुलीला म्हणावं, ताई पुन्हा थांबलेली दिसली तर घड्याळ बघ आणि मिनिटं लिहून ठेव. तिला खेळ म्हणून सांग.


१४ मार्च, गुरुवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र आलं. 'तू मला तुझा उंदीर समजतेस की काय' हे वाक्य मी काकांना वाचून दाखवलं, ते खूप हसले. काका म्हणजे आमचे बर्फवाले काका, मी तुला त्यांच्याबद्दल सांगितलं होतं का? त्यांचं काम उंदरांच्या मेंदूतली एन्झाइमं मोजण्याचं. मेंदू बर्फात ठेवून, थंड भांड्यात वाटून, त्यात कुठलं एन्झाइम किती जोरात काम करतं ते बघतात. बारा महिने त्यांची बोटं गार असतात. हात मिळवला की माणूस दचकतो.

तू बाजारात गेलीस. एकटी, दोन रस्ते ओलांडून, निळं कापड घेऊन आलीस आणि परत येताना मुद्दाम लांबचा रस्ता धरलास. ते पान मी चार वेळा वाचलं. 'भीती कुठे गेली कोणास ठाऊक' असं तू लिहिलंस. माझ्याकडे आली आहे बहुतेक, मी गमतीत म्हणते आहे.

पण ताई, त्याच पत्राच्या मागच्या बाजूला तू बाकीचं लिहिलंस, ते गमतीत घेता येत नाही. पाच वेळा झालं. डोळे उघडे. ताठ. आणि शेजारच्या मुलीने तुझा हात वर करून सोडला तेव्हा तो तसाच राहिला, ती चाळीसपर्यंत मोजत होती, मग कंटाळून खेळायला गेली. तू म्हणतेस मला काहीच त्रास नव्हता, उलट फार शांत वाटत होतं. ते मला पटतं. शांतच वाटत असणार.

एक हकीगत सांगते, सहज. आमच्या इथे हे औषध साठ उंदरांना पाण्यातून दिलं होतं, दीड वर्षापूर्वी. औषधाने उंदीर निवांत होतो की आखडतो, हे बघायला एक साधी रीत आहे. जमिनीपासून चार बोटं उंच एक लोखंडी दांडी असते. उंदराचे पुढचे दोन पाय अलगद त्या दांडीवर ठेवायचे, हात काढायचा आणि घड्याळ सुरू करायचं. निवांत उंदीर दोन-तीन सेकंदांत पाय काढून घेतो, नाक पुसतो, निघून जातो. आखडलेला उंदीर तसाच उभा राहतो. त्याला पाय काढायचं सुचतच नाही. तीन मिनिटं झाली की आपणच त्याला उतरवायचं. हे मोजायचं काम माझं.

त्या साठांतले सात प्रयोगातून बाद झाले होते. बाद झालेल्यांचे मेंदू मोजत नाहीत. पण काकांना काही टाकवत नाही, त्यांच्या फ्रीजरमध्ये काय काय आहे ते देवालाच माहीत. परवा फ्रीजर साफ करताना त्यांना ते सात सापडले, आणि मोकळा दिवस होता म्हणून त्यांनी मोजून बघितले. मला बोलावून म्हणाले, "बाई, तुझ्या या सातांच्या मेंदूत हे औषध मोडणारं एन्झाइम इतरांच्या पाचव्या हिश्शाएवढंसुद्धा नाही. यकृतात मात्र अगदी झकास. रक्तात औषध वेळेवर कमी होत असेल आणि मेंदूत मात्र साठत राहत असेल. कसे वागत होते हे सात?"

मी म्हटलं, आठवत नाही.

तर असं. विज्ञानात गमतीजमती होतच असतात. ते सातही एकाच आईची पिल्लं होती, म्हणजे घराण्याचीच खोड. माणसात असं असतं की नाही, अजून कोणी बघितलेलं नाही.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं, म्हणून उशीर. मला एवढंच म्हणायचंय की कुठल्याही गोळीवर फार विसंबून राहू नये. आता तुला बरं वाटतंय, बाजारात जातेस, तर गोळ्या कमी करता येतात का बघ. रुग्णालयात विचारलंस तर ते रक्त बघतील आणि ठीक आहे म्हणतील, त्यामुळे त्यांच्या म्हणण्यावर जाऊ नकोस. बाकी भेटीत बोलू. रजेचं बघते आहे.

मशीनवर बसताना शेजारच्या मुलीला जवळ बसवत जा. इस्त्री गरम असताना एकटी उभी राहू नकोस. गॅसपाशीही नको. मी उगाच काळजी करते असं समज आणि माझं ऐक.

तुझी,
धाकटी


२७ मार्च, बुधवार

ताई,

हे पत्र टपालाने येणार नाही. तू या भिंतीच्या पलीकडे आहेस. मी बाहेरच्या बाकावर बसले आहे आणि गुडघ्यावर वही ठेवून लिहिते आहे. तू कधी वाचशील ते माहीत नाही. वाचशील की नाही तेही कोणी सांगत नाही.

तुझं शेवटचं पत्र काल, मंगळवारी सकाळी मिळालं. 'तुझं म्हणणं पटलं. कमी कशाला, बंदच करते. गुरुवारी सकाळी सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या. आता बघ तुझी ताई कशी गोळ्यांवाचून राहते.' किती अभिमानाने लिहिलं आहेस. अक्षर बघ, मोठं मोठं.

मी दारातच उभी होते, चपला पायात. गुरुवार ते मंगळवार बोटांवर मोजलं. मग तुझ्या खालच्या इस्त्रीवाल्यांच्या दुकानात फोन केला आणि म्हटलं, कृपा करून वर जाऊन माझ्या बहिणीचं दार ठोठवा. ते म्हणाले, "अहो, त्या घरातच आहेत. सकाळपासून सामान हलवताहेत, धाडधाड आवाज येतोय." मी म्हटलं, सामान हलवत नाहीये ती, दार तोडा. भला माणूस. एक शब्द न विचारता फोन तसाच टाकून धावला. मला फोनमधून दुकानातला पंखा ऐकू येत होता, आणि बऱ्याच वेळाने वरून दार फुटल्याचा आवाज.

तुला आकडी आली होती. मशीन आणि भिंत यांच्यामध्ये पडली होतीस. त्यांनीच तुला गाडीत घालून इथे, तुझ्या गोळ्यांच्याच रुग्णालयात, आणलं.

आता मी जे गेल्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते. थांबले तर पुन्हा फाडीन, म्हणून सरळ लिहीत जाते.

ते सात उंदीर बाद झाले असं मी लिहिलं होतं. ते मी केले. माझ्या हाताने.

तुला माहीत आहे, मला उंदरांचा लळा आहे. आमच्याकडे त्याला सक्त मनाई आहे. त्यांना उगाच हाताळायचं नाही, बोलायचं नाही, कुरवाळायचं तर नाहीच, कारण माणसाळलेला उंदीर वेगळा वागतो आणि मोजमाप बिघडतं. त्या सातांची आई बाळंतपणात मेली आणि मी त्यांना कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवलं. अॅप्रनच्या खिशात घेऊन फिरायची. सरांनी एकदा पकडलं आणि सगळ्यांसमोर बोलले की पुन्हा दिसलं तर दुसरी नोकरी बघा. नंतर ते सात इतरांत मिसळून औषधाच्या प्रयोगात आले. चौदाव्या दिवशी मी दांडीवर पाय ठेवले आणि ते उभेच राहिले. एकेक करून सातही. एकशे ऐंशी सेकंद, एकशे ऐंशी, एकशे ऐंशी.

माझ्या डोक्यात काय आलं सांगू? मला वाटलं, हे माझ्यामुळे. माझ्या हाताची इतकी सवय झालीय की मी ठेवलं तिथे विश्वासाने उभे राहतात. बाकीच्या त्रेपन्नांनी पाय काढून घेतले आणि नेमके माझेच उभे, मग दुसरं काय असणार? आता सर आकडे बघतील, लाड केले ते उघड होईल, नोकरी जाईल. औषधाचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. माझ्या लाडांचीच मला एवढी लाज वाटली. मी नोंदवहीतल्या सात ओळींवर रेघ मारली आणि पुढे कारण लिहिलं, 'हाताळताना पायाला इजा'. बाद.

बाद केल्यावर औषध बंद करतात. मी पाण्याच्या बाटल्या बदलल्या, साधं पाणी भरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या पाच जणांना आकडी आली. मी एकटीच होते. अर्ध्या तासात पाचही गेले. बाद केलेला उंदीर मेला तरी तो आकड्यात मरत नाही, ताई. त्याची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही. मी रडले, काकांना नेऊन दिले, आणि त्यांनी नेहमीप्रमाणे मेंदू आणि यकृतं काढून ठेवली. तक्त्यात त्रेपन्न निवांत उंदीर राहिले. त्या तक्त्यावर औषध पुढे गेलं, माणसांपर्यंत. तुझ्यापर्यंत. आणि वर मी तुला म्हटलं, डोळे झाकून घे.

उरलेले दोन वाचले ते मावशींमुळे. ते दोघे वेगळ्या पिंजऱ्यात होते आणि त्यांची बाटली मी बदलायची विसरले. मावशींचा गुडघा दुखत होता, म्हणून त्या बाटली धुवायच्या ऐवजी रोज वरून थोडं साधं पाणी ओतायच्या. औषध रोज पातळ होत गेलं. तीन आठवड्यांत नुसतं पाणी राहिलं. त्या दोघांना काही झालं नाही, दांडीवरून चक्क पाय काढून घेऊन निघून गेले. प्रयोग संपल्यावर इतरांबरोबर तेही काकांकडे गेले.

म्हणजे मला माहीत होतं. बंद करायचं तर हळूहळू करायचं, हे जगात फक्त मला माहीत होतं. आणि गेल्या पत्रात मी तो एक शब्द लिहिला नाही. पत्र तीनदा लिहून तीनदा फाडलं ते त्या शब्दासाठीच. 'हळूहळू' लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस, का गं? आणि मग मला ते पाच सांगावे लागले असते. ते टाळायला मी 'कमी करता येतात का बघ' असं गुळमुळीत लिहिलं, आणि वर रुग्णालयात जाऊ नकोस असंही सुचवलं, कारण तिथे तू गेली असतीस तर त्यांनी मला विचारलं असतं. चौदा तारखेला मी तुझ्यापेक्षा माझी जास्त काळजी केली. हे वाक्य लिहायला मला या बाकावर सकाळपासूनचा वेळ लागला.

काल फोन ठेवल्यावर मी काकांकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. मग त्यांनी आपला मोजमापाचा कागद काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "नोंदवही घेऊन जा. नुसतं तोंडाने सांगशील तर तुला रडणारी बहीण समजतील आणि पाणी प्यायला देतील." मी नोंदवही उचलली. विचारून नाही, कपाटातून सरळ. चार तासांची बस होती. शेजारच्या बाईने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का.

इथल्या डॉक्टरबाई तरुण आहेत, थकलेल्या आणि नीटनेटक्या. म्हणाल्या, "रक्त दोनदा तपासलं. औषधाचा अंशही नाही. केव्हाच निघून गेलंय. या आकडीचा त्या गोळ्यांशी संबंध नाही, आम्ही दुसरं कारण शोधतोय."

मी म्हटलं, "रक्तात दिसणार नाही. तिचं यकृत चांगलं आहे. मेंदूत औषध साठत राहिलं, मेंदूला त्या जास्तीच्या औषधाची सवय होऊन गेली, आणि रोजची भर एकदम तुटली."

"हे कुठे छापून आलंय?"

"कुठेच नाही. मी येऊ दिलं नाही."

मग वही उघडली. आमच्या वहीत खोडायला परवानगी नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. दीड वर्षं ते एकशे ऐंशीचे सात आकडे रेघेखाली स्पष्ट दिसत होते, कोणी वाचले नाहीत एवढंच. डॉक्टरबाईंनी एकेका आकड्यावर बोट ठेवलं. मग शेजारी काकांचा कागद ठेवून सात क्रमांक जुळवले.

"ही रेघ कोणी मारली?"

"मी."

"इजा झाली होती?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लहानपणापासून तुझ्या हाताखाली वाढले, तू कधी एक चापट मारली नाहीस, म्हणून मला माहीत नव्हतं की नुसत्या बघण्याने एवढं लागतं. मग त्यांनी पेन उचललं. विचारलं, "दोन वाचले ते कसे?" मी बाटलीची हकीगत सांगितली. रोज किती पाणी ओतलं जायचं, बाटली केवढी, तीन आठवडे म्हणजे नेमके किती दिवस, हे सगळं त्यांनी कागदावर लिहून घेतलं. कोणाला तरी फोन केला, आवाज चढला, दुसरा फोन केला. शेवटी तुझंच ते औषध मागवलं आणि अर्धी मात्रा विरघळवून नळीने दिली. म्हणाल्या, हे मी माझ्या जबाबदारीवर करते आहे. माझी जबाबदारी काय ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

तू औषधाच्या ज्या चाचणीत आहेस त्यात आणखी त्र्याऐंशी माणसं आहेत. त्या सगळ्यांना आज निरोप जातायत की गोळ्या एकदम सोडू नका, आधी इथे या. सरांचा फोन इथे आला होता. मी घेतला आणि त्यांना तेच सांगितलं जे तुला सांगते आहे. नोकरी गेली. पुढे चौकशी होईल, कदाचित त्याहून जास्त काही होईल. ते ऐकताना मला काहीच वाटलं नाही, ज्याच्या भीतीने मी हे सगळं केलं तेच होत होतं आणि मी भिंतीकडे बघत होते. भीती सगळी इकडे तुझ्या खोलीत जाऊन बसली आहे.

माझ्या हातात घड्याळ असलं की मी मोजते, दुसरं काही येत नाही. काल दुपारी मी पोचले तेव्हा तुझ्या दोन आकड्यांमध्ये अकरा मिनिटं होती. औषधानंतर तीसपर्यंत गेली. आज सकाळी सात वाजता शेवटची आली. आता दुपारचे बारा होत आले आहेत. परिचारिका म्हणते, हे चांगलं आहे. मी तिला विचारलं, डोळे उघडते का? ती म्हणाली, उघडते पण अजून ओळख दिसत नाही. मी विचारलं, हात उचलून सोडला तर? तिला कळलं नाही, म्हणाली, खाली पडतो, का? मी तोंड फिरवून भिंतीला कपाळ टेकवलं. तुझा हात खाली पडतो, ताई. काल सकाळपासून मिळालेली ही एकच चांगली बातमी.

पण पाच जणांपैकी एकाची आकडी अशीच मध्ये थांबली होती. वीस मिनिटं थांबली होती आणि मला वाटलं वाचला. म्हणून मी हसत नाही. दाराचा आवाज झाला की मी उठून उभी राहते. पांढरा कोट दिसला की वाटतं, हाच तो सांगायला आलेला माणूस. चार वर्षं तुला घंटेची, जिन्याची, रस्त्याची कशी भीती वाटत असेल ते मला आज कळतं. मी तेव्हा तुला म्हणायचे, मनाला समजाव. किती सहज म्हणायचे.

डॉक्टरबाई म्हणाल्या, शुद्धीवर आल्या तर आपण त्यांना हळूहळू सांगू, मेंदूची एखादी दुर्मीळ खोड निघाली म्हणून. चांगुलपणाने म्हणाल्या. मी नको म्हटलं. तुझ्या मेंदूची खोड खरी आहे, बहुधा माझ्याही मेंदूत ती असेल, आपण एकाच आईच्या. पण तुला पाडलं ते तिने नाही. एका रेघेने आणि एका न लिहिलेल्या शब्दाने पाडलं, आणि दोन्ही माझे. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळता कामा नये, म्हणून लिहिलं.

हे पत्र परिचारिकेकडे देते आहे. तुला वाचता येईल इतकं बरं वाटलं की ती देईल. त्याआधी मी आत येणार नाही. तू अर्धवट शुद्धीत माझा हात धरशील, तुझी सवय आहे ती, आणि मी काही न सांगता तो धरू देईन. माझ्यावर आता माझाच तेवढा भरवसा नाही.

मला दोन गोष्टींची भीती वाटते. एक, तू उठणार नाहीस. दुसरी, तू उठशील, हे सगळं वाचशील आणि म्हणशील, तिला आत पाठवू नका. सकाळपासून मी एकच मागणं मागते आहे की या दोन्हींतली दुसरी माझ्या वाट्याला येऊ दे.

तू बोलावलंस तर आत, नाहीतर याच बाकावर,
तुझी धाकटी